कळा सुरू होण्याआधी ठरवायचं ते

वाचकांचे प्रश्न, सिस्टरांची उत्तरं

गरोदरपणात घरात जे निर्णय घ्यावे लागतात त्याबद्दल सिस्टरांना विचारा, असं संपादकांनी मागच्या अंकात छापलं आणि पत्रांचा गठ्ठा माझ्या दारात येऊन पडला. नव्या वाचकांसाठी सांगते, माझी सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांच्या लेबर रूममध्ये गेली, शेवटी इन्चार्ज म्हणून. मी डॉक्टर नाही, गोळ्यांचे डोस मला विचारू नका. पण कोण कुठल्या तयारीनिशी येतं आणि कोणाची ऐनवेळी त्रेधा उडते, ते मी जवळून बघितलंय. डोहाळेजेवणाच्या साडीचा रंग विचारणाऱ्या पत्रांना इथे उत्तर नाही. पोटात मुलगा की मुलगी हे ओळखण्याच्या 'खुणा' विचारणारी पत्रं सरळ टोपलीत गेली.

प्रश्न : मी वाकडला राहते, खाजगी कंपनीत नोकरी करते. पाचवा महिना आहे, पहिलंच बाळंतपण. माहेर म्हसवडजवळच्या गावात. आईने सातव्या महिन्यात ओटी भरून मला घेऊन जायचं ठरवलंय. माझ्या दोघी बहिणींची बाळंतपणं तिनेच केली. सासूबाईही म्हणतात, पहिलं माहेरीच असतं. नवरा म्हणतो, पुण्यातच राहा. मला आईजवळ जावंसं वाटतं, पण भीतीही वाटते. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह आहे, नवऱ्याचा बी पॉझिटिव्ह. मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.४ आलं. कोणाचं ऐकू?

उत्तर : पोरी, रक्तगट आणि हिमोग्लोबिन हे तू पत्राच्या शेवटी लिहिलंस. मी असते तर पहिल्या ओळीत लिहिलं असतं. तुझा निर्णय आई, सासू आणि नवरा यांच्या मतांवर ठरायचा नाहीये, त्या दोन गोष्टींवर ठरायचाय.

आधी रक्तगटाचं. आपल्याकडे निगेटिव्ह रक्ताची माणसं शंभरात पाचच्या आसपास, त्यात ओ निगेटिव्ह आणखी कमी. ओ निगेटिव्हला ओ निगेटिव्हच रक्त लागतं. बाळंतपणात बाईच्या जिवावर बेतणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. एरवी ठणठणीत असलेल्या बाईलाही तो होऊ शकतो, तो आधी सांगून येत नाही, आणि सुरू झाला की हातात थोडाच वेळ असतो. म्हसवडहून साताऱ्याला गाडीने दोन तास धर. तिथे पोहोचून मग ओ निगेटिव्हची शोधाशोध करायची? हिमोग्लोबिन ९.४ म्हणजे तुझ्या अंगात मुळातच शिल्लक कमी. तेरा हिमोग्लोबिनची बाई जेवढा रक्तस्राव सोसते, तेवढा तुला सोसणार नाही.

दुसरं, तू निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह, म्हणजे बाळ पॉझिटिव्ह असण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर बाळाच्या रक्ताविरुद्ध तुझ्या अंगात अँटीबॉडी तयार होऊ शकतात. त्या झाल्यात का हे बघणारी इनडायरेक्ट कूम्ब्स नावाची रक्ततपासणी तुमच्या डॉक्टरांनी केली आहे का, ते फाईलमध्ये बघ. नसेल तर या भेटीत विचार. त्यानंतर २८ आठवड्यांच्या सुमाराला, त्या तयार होऊ नयेत म्हणून, अँटी-डीचं इंजेक्शन देतात. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा एक. मध्येच अंगावरून रक्त गेलं किंवा पोटावर पडलीस तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं, तेव्हाही ते लागू शकतं. हे इंजेक्शन चुकलं तर या बाळाला सहसा काही होत नाही, त्याचा त्रास पुढच्या बाळाला होतो. म्हणूनच पहिलटकरणीच्या घरात ते कोणाला महत्त्वाचं वाटत नाही. आणि बघ, २८ आठवडे म्हणजे सातवा महिना. ओटीभरण, बॅगा भरणं, गावाला जाणं याच गडबडीत ते राहून जातं.

म्हणून माझं मत सरळ आहे. प्रसूती पुण्यात, जिथे तुझी फाईल आहे तिथे. आईची सेवा तुला हवीच आहे आणि ती घ्यावी. पण सवा महिन्याची सेवा आणि प्रसूतीचा तो एक-दोन दिवस एकाच गावात व्हायला पाहिजे, असं कुणी सांगितलं? आईलाच नवव्या महिन्यात वाकडला बोलव. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, बाळाचं न्हाणं-माखणं सगळं तिथे होतं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आई आणि सासूबाई दोघी म्हणजे अवघड, मला कळतं. पण ती अडचण एखाद्या रुसव्यावर भागते. सवा महिना संपतो तेव्हाच बाळाच्या सहा आठवड्यांच्या लशीही येतात. त्या पुण्यात देऊन, लसीकरणाचं कार्ड पर्समध्ये टाकून मग खुशाल माहेरी जा. दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लशी गावाकडच्या आरोग्य केंद्रात मिळतात, फक्त त्यांचा वार आशाताईंना आधी विचारून ठेव.

आईला हे कसं सांगायचं? 'तुझ्यावर विश्वास नाही' असं तिला वाटता कामा नये. तिला एकदा तपासणीला बरोबर ने आणि डॉक्टरांच्या तोंडून ओ निगेटिव्हचं ऐकव. बहिणींचे रक्तगट काय होते, तेही विचार. मला वाटतं पॉझिटिव्हच असणार.

पुण्यातलं हॉस्पिटल आहे म्हणजे सगळं आलबेल, असंही समजू नकोस. पुढच्या भेटीत नवऱ्याने आणि तू मिळून हे विचारा : रात्री दोन वाजता सिझर करायची वेळ आली तर किती वेळात होतं? भूल देणारे डॉक्टर इथेच असतात की फोन केल्यावर येतात? ओ निगेटिव्ह रक्त कुठल्या रक्तपेढीतून आणता? बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर सोय इथे आहे की दुसरीकडे हलवता? ज्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येतो, तिथून फाईल उचलायला पाचवा महिना चांगला. नवव्यात ते जमत नाही. नातलगांत कोणी ओ निगेटिव्ह असेल तर त्यांचा नंबर फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

हिमोग्लोबिन वाढवायला अजून चार महिने आहेत. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, चहाच्या आगेमागे तासभर तरी जाऊ दे. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर चालेल. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळं होतं म्हणून बायका गोळी बंद करतात, त्याला घाबरायचं कारण नाही. महिन्याने पुन्हा तपास. आकडा हलला नाही तर शिरेतून लोह देता येतं, ते डॉक्टर ठरवतील. बीट आणि डाळिंब खा, पण ९.४ चं ११ करायला एकटं बीट पुरत नाही.

आईला आणखी एक सांग. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी नको. तो धूर बाळाच्या छातीत जातो. अंग शेकायचं तर गरम पाण्याची पिशवी पुरते.

(बाकीच्या वाचकांसाठी : हे उत्तर ओ निगेटिव्हचं आहे, सगळ्यांनी माहेरी जाणं रद्द करू नये. पण जाणार असाल तर फाईलसकट जा, ३४ आठवड्यांच्या आत पोहोचा, आणि जिथे सिझरची सोय आहे अशा जवळच्या रुग्णालयात नाव नोंदवून तिथल्या डॉक्टरांना एकदा तरी पोट दाखवा. सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझर, औषधं, रक्त आणि घरी सोडायची गाडी, सगळं मोफत मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला तिथे गरोदर बायकांची खास तपासणी असते. १०२ आणि १०८ हे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेत, फक्त नवऱ्याच्या नाही.)

प्रश्न : आम्ही इचलकरंजीचे. पत्नीला अकरावा आठवडा आहे. डॉक्टरांनी एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी), डबल मार्कर (आईच्या रक्ताची तपासणी) आणि नंतर पाचव्या महिन्यात मोठी सोनोग्राफी सांगितली. आई म्हणते, एवढ्या सोनोग्राफींनी बाळाला त्रास होतो, आमच्या वेळी एकही नव्हती. यातलं खरंच गरजेचं काय? आणि सोनोग्राफीच्या आधी कसल्या कागदावर सही घेतात?

उत्तर : सोनोग्राफी म्हणजे एक्स-रे नव्हे, त्यात आवाजाच्या लहरी असतात. डॉक्टरांनी कारणासाठी सांगितलेल्या सोनोग्राफीने बाळाला इजा होत नाही. तुमच्या आईंच्या वेळी एकही नव्हती हे खरं. मग आडवं मूल कळा सुरू झाल्यावर कळायचं, हेही तेवढंच खरं.

पण तुम्ही विचारलं नाहीत ते मी सांगते, कारण या तपासण्यांना वेळेची कडी आहे. एनटी स्कॅन ११ ते १४ आठवड्यांतच होतो, त्यानंतर तो करता येत नाही. बाळाचे अवयव बघायची मोठी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत करायची. लोक ती 'पुढच्या पगाराला' ढकलतात. तिथे कायदा मध्ये येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने होतो. २० ते २४ आठवड्यांत तो काही ठरावीक परिस्थितीतच आणि दोन डॉक्टरांच्या मताने होतो. २४ च्या पुढे बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळासमोर जावं लागतं. एकोणिसाव्या आठवड्यात काही दिसलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला, रडायला, विचार करायला वेळ मिळतो. चोविसाव्यात दिसलं तर तुम्ही कागदपत्रं घेऊन धावत सुटता.

डबल मार्करचा रिपोर्ट 'पास-नापास' असा वाचू नका. तो फक्त डाऊन सिंड्रोमसारख्या जन्मदोषाची शक्यता सांगतो. '१:१५०' म्हणजे अशा दीडशे बायकांत एकीच्या बाळाला तो दोष असू शकतो, बाकी एकशे एकोणपन्नास जणींची बाळं त्या दोषाशिवाय असतात. आकडा धोक्याच्या बाजूचा आला तर पुढे आईच्या रक्तातून होणारी एनआयपीटी किंवा गर्भजलाची तपासणी असते आणि नक्की काय ते गर्भजलातून कळतं. म्हणून आधी नवरा-बायकोने एकमेकांशी बोलावं : रिपोर्ट वाईट आला तर आपण काय करू? पुढची तपासणी करू का? काही सापडलं तर हे बाळ वाढवू का? काही जोडपी ठरवतात की जे येईल ते आमचं. तोही निर्णय आहे, आणि मी त्याचा मान ठेवते. काहीच न ठरवता तपासणी करणाऱ्यांची मात्र ससेहोलपट होते.

तुमच्या पत्रात नाही, पण थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणी झाली आहे का बघा. यांचे वाहक, म्हणजे दोष अंगात असून स्वतः आजारी नसलेली माणसं, दिसायला धडधाकट असतात. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. पत्नी वाहक निघाली तर दुसऱ्या दिवशी तुम्ही रक्त तपासायला हात पुढे करायचा. 'मला काय झालंय' म्हणणारे नवरे मी खूप बघितले.

सहीचा कागद म्हणजे एफ फॉर्म. मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, असं पत्नी त्यात लिहून देते. १९९४ च्या कायद्याने लिंग सांगणं गुन्हा आहे आणि विचारणंही. विचारणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि पहिल्या गुन्ह्याला ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. 'पेढा की बर्फी?' असं आडून विचारलं तरी ते विचारणंच.

प्रश्न : माझ्या सुनेचं सिझर करायचं ठरलंय. आमच्या गुरुजींनी उत्तम मुहूर्त काढून दिला आहे, पण डॉक्टर म्हणतात त्या दिवशी ३७ आठवडेच होतात, मी करणार नाही. डॉक्टरांना कसं पटवावं? (नाशिक)

उत्तर : पटवू नये.

सिझर कशासाठी ठरलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. आधीचं सिझर असेल, बाळ पायाळू असेल आणि बाकी घाई नसेल, तर ठरवून करायचं सिझर ३९ आठवड्यांनंतर करतात. शेवटच्या त्या दोन आठवड्यांत बाळाची फुप्फुसं तयार होत असतात. सदतिसाव्यात काढलेलं बाळ दिसायला गुटगुटीत असतं आणि तासाभराने धापा टाकायला लागतं. मग ते पेटीत, आई वॉर्डात, आजी बाहेरच्या बाकड्यावर. ग्रह उत्तम असून उपयोग काय? ३९ पूर्ण झाल्यावर डॉक्टर ज्या दिवसांना हो म्हणतील, त्यांतला एखादा गुरुजींकडून निवडून घ्या, माझी हरकत नाही. पण दहा मिनिटांच्या मुहूर्तासाठी भूलतज्ज्ञांना घड्याळ दाखवू नका. त्यांची नजर सुनेवर राहू दे.

आता सिझर मुळात का ठरलं, हे सुनेने डॉक्टरांना विचारलंय का? विचारायला हवं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात शंभरातल्या २१.५ प्रसूती सिझरने झाल्या होत्या. नुसते खाजगी दवाखाने धरले तर ४७.४. खाजगीतल्या जवळजवळ निम्म्या बायकांना ते गरजेचं होतं, यावर माझा विश्वास नाही. पण वार (प्लासेंटा) खाली असेल, बाळाचे ठोके घसरत असतील, तर सिझरने जीव वाचतो. अशा वेळी 'नॉर्मलचाच आग्रह धरा' म्हणणाऱ्या शेजारणींना घराबाहेर ठेवा. कारण विचारा, ते फाईलवर लिहून मागा. बायकांनो, हे तुम्ही स्वतः विचारायचं. सासूबाईंनी पत्र लिहिलं, सुनेने नाही, हे माझ्या लक्षात आलंय.

प्रश्न : हॉस्पिटलमधल्या गर्भसंस्कार वर्गात एका कंपनीचा माणूस आला होता. बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवलं तर पुढे ऐंशी आजारांवर इलाज होतो, हप्त्याने साठ हजार भरा, म्हणाला. मिस्टर तयार आहेत. भरावे का? (डोंबिवली)

उत्तर : नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद स्वतःच्या बाळासाठी असं खाजगी साठवण करण्याची शिफारस करत नाही. थॅलेसेमियासारखा आजार जन्मजात असेल तर तोच दोष नाळेच्या रक्तातही असतो, मग ते त्याच बाळाला काय कामाचं? अपवाद एकच. मोठ्या भावंडाला असा आजार असेल आणि डॉक्टरांनीच हे रक्त जपायला सांगितलं असेल.

त्या विक्रेत्याने एक सांगितलं नसेल. नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबलं तर ते रक्त बाळाच्याच अंगात जातं आणि पुढे कित्येक महिने त्याला लोह पुरतं. याला पैसे पडत नाहीत. डॉक्टरांना आधी सांगून ठेवा, 'सगळं ठीक असेल तर नाळ जरा थांबून कापा.' साठ हजारांत सवा महिन्याची चांगली बाई ठेवता येईल.

प्रश्न : मी बारामतीत एका पतसंस्थेत तीन वर्षं काम करते. आम्ही चौदा कर्मचारी आहोत. पहिलंच बाळ आहे. साहेब म्हणतात, तीन महिने रजा मिळेल, त्यापुढे बिनपगारी. हे बरोबर आहे का? आणि रजा प्रसूतीच्या किती आधी सुरू करावी?

उत्तर : बरोबर नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या संस्थेला प्रसूती रजेचा कायदा लागू होतो. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा, तिसऱ्यापासून १२ आठवडे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत तुम्ही ८० दिवस काम केलेलं असलं की झालं. रजेवर असताना कामावरून काढता येत नाही. साहेबांचे 'तीन महिने' जुन्या नियमातले, २०१७ मध्ये ते बदलले. तुमच्या पगारातून ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विम्याचे) पैसे कापले जात असतील तर रजेचे पैसे तिकडून मिळतात, संस्थेच्या खिशाला हातही लागत नाही. हे साहेबांना सांगा, त्यांचा चेहरा खुलेल.

तोंडी मागू नका. तारखेसह अर्ज द्या, डॉक्टरांचा दाखला जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. भांडायची वेळ आलीच तर ती पोच कामाला येते.

२६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. पोटातलं बाळ तुमच्याबरोबर पतसंस्थेत येतं. बाहेरचं येत नाही. रक्तदाब, सूज, मधुमेह असं काही नसेल आणि काम बैठं असेल तर आधी दोन-तीन आठवडे पुरे, बाकी रजा नंतरसाठी राखा. पाळणाघर किंवा आजी, काय ते आताच बघा. रजेच्या पंचविसाव्या आठवड्यात शोधाशोध केली की मिळेल ते पत्करावं लागतं.

नवऱ्यांनो, खाजगी नोकरीत तुम्हाला कायद्याने रजा नाही. तेव्हा हक्काच्या रजा आतापासून साठवा. आणि त्या पहिल्याच आठवड्यात उधळू नका, तेव्हा घर बायकांनी भरलेलं असतं आणि तुम्ही चहा करत फिरता. सगळे परत गेल्यावर, दीड-दोन महिन्यांनी, घरी थांबा. खरी गरज तेव्हा लागते.

ज्या बायकांना अशी रजा नाही, शेतात किंवा घरकामाला जातात, त्यांनी अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे मातृवंदना योजनेचा अर्ज भरावा. पहिल्या बाळाला ५ हजार, दुसरी मुलगी झाली तर ६ हजार.

प्रश्न : दुसऱ्यांदा दिवस आहेत, सातवा महिना. नणंद म्हणते, हे झालं की तिथेच ऑपरेशन उरकून घे. मला नको वाटतं, पण नको तरी का, ते सांगता येत नाही. आणि प्रसूतीच्या खोलीत माझ्याबरोबर कोणाला येऊ देतात? (नाव नको, फलटण)

उत्तर : कारण सांगता येत नाही म्हणून तुमचं 'नको' हलकं होत नाही. कळा देणाऱ्या बाईसमोर नसबंदीचा कागद धरून 'कर गं सही' म्हणणारे नातलग मी लेबर रूममधून बाहेर काढलेत. ते त्या वेळी विचारायचंच नसतं. तुम्हाला सातवा महिना आहे, दोन महिने आहेत, आता बोला.

पर्याय असे. नसबंदी नॉर्मल प्रसूतीनंतर सात दिवसांत किंवा सिझरमध्येच होते, पण ती कायमची समजूनच करायची. तांबी प्रसूतीनंतर लगेच किंवा ४८ तासांच्या आत बसवता येते, वर्षानुवर्षं टिकते, नको झाली की काढता येते. पण ती बसवायची हे फाईलवर आधी लिहिलेलं हवं, नाहीतर त्या धांदलीत कुणाला आठवत नाही. तिसरा पर्याय तुमच्या नणंदेला सुचला नसावा. पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते, त्याच दिवशी माणूस घरी जातो. नंतर तीन महिने दुसरी काळजी घ्यायची आणि तपासणी करून खात्री करायची. नवऱ्याशी बोलताना हे तिसरं आधी मांडा, मग बाकीची दोन किती सोपी वाटतात बघा.

सोबतीचं : सरकारी दवाखान्यात एका बाईला बरोबर राहू देतात. खाजगीत पडद्याची सोय असेल तर नवऱ्यालाही घेतात, आधी विचारून ठेवा. नात्याने जवळची कोण, ते बघू नका. घाबरत नाही, रडत नाही आणि सिस्टरांचं ऐकते, अशी कोण ते बघा. कधी ती आई असते, कधी जाऊ. तिला सांगून ठेवा की बाळ तासाभरात छातीला लावायचं, मध-साखरेचं बोट चाटवायचं नाही, पहिला घट्ट चीक फेकायचा नाही. त्या वेळी तुम्हाला भान नसेल, तिला असू दे.

आणि सही. तुम्ही सज्ञान आहात, सिझरच्या कागदावर तुमची स्वतःची सही चालते. दवाखाने नवऱ्याचीही मागतात, त्याचा फोन लागेना म्हणून वेळ घालवू नका.

प्रश्न : जन्मदाखल्यावर नाव लगेच द्यावं लागतं का? आमचं अजून ठरत नाही. आईचं नाव लावणं आता सक्तीचं आहे म्हणे? (चिपळूण)

उत्तर : जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, दवाखान्यात झालं तर माहिती तेच पाठवतात. नाव नंतर घालता येतं, वर्षभरात फी न भरता. पण लांबवू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळेला, आधारला, पासपोर्टला जन्मदाखलाच लागतो.

आईच्या नावाचं ऐकलंत ते खरं. महाराष्ट्रात १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर असं लिहायचं : बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लग्नात नाव बदललेल्यांची इथे पंचाईत होते. आधारवर एक, दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरं, दवाखान्याच्या फाईलवर तिसरंच, कारण केसपेपर काढताना सासऱ्यांनी सांगितलेलं असतं. कुठलं नाव लावायचं ते आईने ठरवावं आणि नवव्या महिन्याच्या आत दवाखान्याच्या फाईलवर तेच करून घ्यावं. दाखला छापून आल्यावर दुरुस्तीला खेपा घालाव्या लागतात, आणि तेव्हा मांडीवर बाळ असतं.